गळती आधी कुणाला कळते?

निघण्याआधी खिशात एक वस्तू ठेवा. व्हिजिटिंग कार्डाएवढी प्लास्टिकची पारदर्शक पट्टी आहे. वाकवली तर वाकते, बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नाही. दोन टोकांना चांदीच्या शाईचे पट्टे आहेत आणि मधला भाग रिकामा वाटतो. तो रिकामा नाही. तिथे ग्राफीन आहे, म्हणजे कार्बनच्या अणूंचं जाळं, जाडी फक्त एका अणूची. त्यावर पॅलॅडियमचे अतिसूक्ष्म कण बसवले आहेत. पट्टीला जोडलेल्या छोट्या यंत्रावर एक आकडा दिसेल, तो पट्टीचा विद्युतरोध. आसपास हायड्रोजन आला की आकडा चढतो, गेला की सावकाश उतरतो.

प्रवासाची अट एकच. आकडा वाचायचा, पण सांगायचा नाही. तसंही झालेल्या काळातलं कुणी तुमचं ऐकणार नाही, कारण तुम्ही कुणाला दिसतच नाही.

पहिला मुक्काम पॅरिस. १७८३ सालचा ऑगस्ट, २६ तारखेची रात्र उलटून गेली आहे. तुम्ही प्लास दे व्हिक्तोआरजवळच्या एका अंगणात उभे आहात आणि नाकाला झोंबणारा आम्लाचा वास येतो आहे. गेले काही दिवस इथे पिंपात लोखंडाचा कीस टाकून त्यावर गंधकाम्ल ओतलं जातंय. निघणारा हायड्रोजन वायू नळीवाटे एका रेशमी फुग्यात भरतात. जाक शार्ल यांची ही कल्पना, आणि फुगा रोबेर बंधूंनी बांधलेला. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं रबर रेशमाला फासलंय, म्हणून त्यात वायू टिकतो. टिकतो म्हणजे काय, रात्रभरात फुगा सैल पडतो आणि सकाळी पुन्हा भरावा लागतो. गळती होते आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने या वायूचा नीट अभ्यास करून त्याला ‘ज्वालाग्राही हवा’ म्हटलं, त्याला आता सतरा वर्षं झाली. म्हणजे हा वायू पेटतो, हेही इथे ठाऊक आहे.

आता मिरवणूक बघा. अर्धवट फुगलेला, सुमारे चार मीटर व्यासाचा तो गोळा गाडीवर बांधून शां द मार्सच्या मैदानाकडे निघाला आहे. भोवती पायदळ आणि घोडेस्वार शिपाई, आणि पुढे वाट दाखवायला मशाली. पेटत्या मशाली, हायड्रोजन गळणाऱ्या फुग्याच्या पुढे! तुम्ही चटकन पट्टी बाहेर काढता. आकडा वर जातो, वारा फिरला की खाली येतो, पुन्हा वर जातो. उघड्या रस्त्यावर हायड्रोजन फार वेळ थांबत नाही. हवेच्या चौदा पट हलका असल्यामुळे निसटला की सरळ वरची वाट धरतो. त्या रात्री पॅरिसकरांना वाचवलं ते बहुधा यानेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुगा उडाला, पाऊण तासाने गोनेस गावाजवळ पडला, आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याला दाताळ्यांनी आणि सुऱ्यांनी फाडून टाकलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मशाली विसरू नका, कारण पुढच्या मुक्कामी आगीची काळजी घेणारी माणसं आहेत. अतिशय घेणारी.

६ मे १९३७. तुम्ही अटलांटिकवरून आलेल्या ‘हिंडनबर्ग’ विमानपोतात आहात. लांबी २४५ मीटर, पोटात वायूच्या १६ पिशव्या, त्यांत सुमारे दोन लाख घनमीटर हायड्रोजन. खरं तर हे जहाज हीलियमसाठी आखलेलं, पण हीलियम अमेरिकेकडे आणि अमेरिका ते परदेशी द्यायला तयार नाही. मग हायड्रोजन. चढताना प्रवाशांकडून काड्यापेट्या आणि लायटर काढून घेतले गेले. धूम्रपानाची एक खोली आहे. तिच्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे चुकून कुठे हायड्रोजन सुटलाच तर तो आत शिरणार नाही. आत जायला दुहेरी दारं, आणि अख्ख्या जहाजात सिगारेट पेटवायला तिथला विजेचा एकच लायटर. इतकी शिस्त.

आता नियंत्रण कक्षात चला. संध्याकाळचे सात वाजून गेलेत. खाली न्यू जर्सीतला लेकहर्स्टचा तळ आहे. दुपारभर वादळाने ताटकळत ठेवलं, आता हवा जरा निवळली आहे पण पाऊस झिमझिमतोय. कप्तान माक्स प्रुस यांच्यासमोर एक त्रासदायक गोष्ट घडते आहे. जहाजाची शेपूट खाली झुकते आहे. ते पुढच्या पिशव्यांतला थोडा वायू सोडायला लावतात. शेपूट जडच. मागच्या टाक्यांतलं पाणी ओततात. तीनशे किलो, पुन्हा तीनशे, मग पाचशे. तरीही जड. शेवटी सहा खलाशांना वजनासाठी नाकाच्या टोकाकडे पाठवतात.

हा सगळा खटाटोप म्हणजेच त्यांचा हायड्रोजन सेन्सर. मागच्या पिशवीतला वायू कमी झाला असेल तर शेपूट झुकेल. पण कापडावर पावसाचं पाणी साचलं तरीही झुकेल. कारण कोणतं, हे सांगणारं काहीही त्या कक्षात नाही.

तुमच्याकडे आहे. शिड्या चढून मागे जा, पिशव्या आणि बाहेरचं कापड यांच्यामधल्या अंधाऱ्या पोकळीत. नंतरच्या अमेरिकी चौकशीने जी शक्यता सर्वांत प्रबळ मानली, ती खरी धरून चला: चौथ्या-पाचव्या पिशवीच्या आसपास हायड्रोजन सुटून हवेत मिसळतो आहे. इथे वास नाही, रंग नाही, आवाज नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. जमिनीवरच्या एका साक्षीदाराला बाहेरचं कापड फडफडताना दिसतंय, पण ते जहाजाला कळवायची त्याला सोय नाही. तुमच्या हातातला आकडा मात्र चढत चालला आहे. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेटण्याजोगं होतं, आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत तसंच राहतं. इतका रुंद पल्ला फार थोड्या वायूंना मिळाला आहे. पेटायला लागणारी ऊर्जाही हास्यास्पद वाटावी इतकी कमी, एका मिलीज्यूलचा सुमारे पन्नासावा भाग. घरगुती गॅसला तिच्या दहापट तरी लागते. ओले दोर जमिनीला टेकले आहेत, वादळी हवेत जहाजावर विद्युतभार साठला आहे.

बाहेर पडा. ७ वाजून २५ मिनिटं झाली.

अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ, आणि जहाज संपलं. ९७ जणांपैकी ३५ गेले, जमिनीवरचा एक कर्मचारी गेला. लोकांना हे चित्र पाठ आहे, म्हणून इथे रेंगाळण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात मात्र एक वेगळीच नोंद आहे: आगीच्या आधीच्या काही मिनिटांची.

वाटेत एक छोटा थांबा घेऊ, निव्वळ गंमत म्हणून. १९६०चं दशक, अपोलोचा काळ, अमेरिकेतलं एक रॉकेट चाचणी केंद्र. सॅटर्न-५ रॉकेटच्या वरच्या टप्प्यांत द्रव हायड्रोजन आहे, उणे २५३ अंश सेल्सिअसला. शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. मग पेटलेली गळती शोधायची कशी? तो बघा, हेल्मेट घातलेला तंत्रज्ञ एक लांब दांड्याचा साधा झाडू समोर धरून नळ्यांच्या कडेने चालला आहे. झाडूने पेट घेतला की थांबायचं. माणसाला चंद्रावर पाठवणारी यंत्रणा, आणि हातात केरसुणी. मला यात हसण्यासारखं आहे तितकंच कौतुक करण्यासारखंही दिसतं. उपाय स्वस्त होता, चालत होता, आणि शिकवायला दोन मिनिटं पुरत होती. आजच्या कोणत्याही सेन्सरला या तीन परीक्षा द्याव्याच लागतात.

तुम्ही विचाराल, वास का नाही मिसळत? स्वयंपाकघरात सिलिंडर गळला तर शेजारच्या काकूसुद्धा दार ठोठावतात, ते त्या मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनच्या दर्पामुळे. पण मर्कॅप्टनमध्ये गंधक असतं आणि गंधक हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटातल्या प्लॅटिनमचा सत्यानाश करतं. शिवाय हायड्रोजनचा रेणू इतका लहान आणि चपळ की ज्या फटीतून तो निसटेल तिथून वासाचा भला मोठा रेणू त्याच्या बरोबरीने येईलच, याचा भरवसा नाही. नाकाचा मार्ग बंद.

म्हणून आता पट्टीच्या पूर्वजांना भेटायला चला. लंडन, १८६९. टॉवर हिलवरची शाही टांकसाळ, आणि तिचे प्रमुख टॉमस ग्रॅहम. नाणी पाडणाऱ्या संस्थेचा हा प्रमुख रसायनशास्त्रज्ञ आहे आणि गेली काही वर्षं एका धातूच्या मागे लागला आहे. पॅलॅडियमचा तुकडा हायड्रोजनमध्ये ठेवला की तो आपल्या आकारमानाच्या कित्येकशे पट वायू गिळतो, आणि तरी धातूच राहतो. चकाकी तशीच, फक्त किंचित फुगतो आणि वीज जरा कमी वाहू देतो. ग्रॅहम यांची खात्री पटली आहे की आत शिरलेला हायड्रोजन हा स्वतःच एक धातू आहे. त्याला ते हायड्रोजेनियम म्हणतात, आणि पॅलॅडियम-हायड्रोजनची छोटी पदकंही त्यांनी पाडून घेतली आहेत. अर्थ त्यांनी चुकीचा लावला, निरीक्षण मात्र पक्कं होतं. ‘वीज जरा कमी वाहू देतो’ या पाच शब्दांवर पुढे एक अख्खा उद्योग उभा राहणार आहे. ग्रॅहम त्याच वर्षी वारले.

मँचेस्टर, २००४. आंद्रे गाईम, कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह, ग्राफाइटचा तुकडा आणि चिकटपट्टी. ही गोष्ट इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तुम्ही दारातून डोकावून पुढे गेलात तरी चालेल. २०१०चं नोबेल त्यांना मिळालं हेही माहीत असेल. आपल्या कामाची खोली २००७ची आहे. तिथे त्याच गटाने दाखवलं की ग्राफीनवर वायूचा एक रेणू येऊन बसला किंवा उठून गेला तरी विद्युतरोधात मोजता येण्याजोगी पायरी पडते. तो वायू नायट्रोजन डायऑक्साइड होता. आणि इथेच बातम्यांत नेहमी गल्लत होते. हायड्रोजनचा रेणू कोऱ्या ग्राफीनकडे ढुंकूनही पाहत नाही. दोन अणू एकमेकांना घट्ट धरून येतात, पृष्ठभागावर आपटतात आणि परत जातात. ग्राफीनला एकट्याला ‘हायड्रोजन ओळखणारा चमत्कारी पदार्थ’ म्हणणं म्हणजे तारेला टेलिफोन म्हणणं. ओळखतं ते ग्रॅहम यांचं पॅलॅडियम. ग्राफीन निरोप पोचवतं, पण अशा रीतीने की दुसऱ्या कुणाला क्वचितच जमावं.

ते बघायला लहान व्हावं लागेल. आकार कमी करा, अजून कमी, पट्टीवरचा पॅलॅडियमचा कण टेकडीएवढा दिसेपर्यंत. हा कण काही नॅनोमीटरचा आहे. पायाखाली षटकोनांचं सपाट जाळं क्षितिजापर्यंत गेलं आहे. वेळही ताणून घ्या, नाहीतर काहीच दिसणार नाही. हायड्रोजनचे रेणू खोलीच्या तापमानाला सरासरी सेकंदाला पावणेदोन किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असतात.

एक रेणू टेकडीवर आदळतो. पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर त्याचे दोन अणू जवळजवळ विनासायास वेगळे होतात. आणि मग ते आत शिरतात, धातूच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत. वाटेवरच्या धर्मशाळेत जशी माणसं नाव-गाव न विचारता ओसरी धरतात आणि सकाळी निघून जातात, तसा या धातूचा आणि हायड्रोजनचा व्यवहार आहे. कण किंचित फुगतो. त्याच्या इलेक्ट्रॉनांना आता बाहेर पडणं सोपं झालेलं असतं, आणि काही इलेक्ट्रॉन पायाखालच्या ग्राफीनमध्ये उतरतात. हवेतल्या ओलाव्यामुळे आणि ऑक्सिजनमुळे ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनांची आधीच तूट असते, वीज वाहते ती त्या तुटीच्या जागांवरून. खाली आलेले इलेक्ट्रॉन त्या जागा भरतात, वाहक कमी होतात, रोध वाढतो. ग्राफीनचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच आहे, खाली ‘आतला भाग’ नावाची गोष्टच नाही, त्यामुळे ही उलथापालथ कुठे विरून जात नाही.

थोडं थांबा. हायड्रोजनचा पुरवठा बंद झाला. हवेतला ऑक्सिजन पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर येतो, उरलेल्या हायड्रोजन अणूंशी संयोग पावतो आणि पाण्याचे रेणू होऊन निघून जातो. टेकडी रिकामी, आकडा खाली.

मोठे व्हा आता. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१२ साली असा सेन्सर वाकणाऱ्या प्लास्टिकवर करून दाखवला. तांब्याच्या पातळ पत्र्यावर हजार अंशांच्या आसपास मिथेनमधून ग्राफीन वाढवायचं, तांबं रसायनात विरघळवून टाकायचं, तरंगणारा अदृश्य पापुद्रा प्लास्टिकवर उचलून घ्यायचा, त्यावर पॅलॅडियमची वाफ बसवायची. तुमच्या खिशातली पट्टी या घराण्यातली.

आणि ती वाकायला का हवी, हे कळण्यासाठी नॉर्वेला जावं लागेल.

१० जून २०१९, सोमवार. ऑस्लोजवळचं सांडविका. पेंटेकॉस्टची सुट्टी आहे, महामार्गाच्या कडेचं हायड्रोजन भरण्याचं केंद्र शांत आहे. कुंपणाच्या आत उच्च दाबाच्या टाक्या उभ्या आहेत. त्यातल्या एका टाकीच्या तोंडाशी एक प्लग आहे आणि तो बोल्टांनी आवळलेला आहे. काही बोल्ट जितके आवळायला हवे होते तितके आवळलेले नाहीत. चौकशीत पुढे हेच निघालं.

तुम्ही संध्याकाळच्या स्फोटाच्या बऱ्याच आधी आला आहात. वर पाहा. अशा ठिकाणी सेन्सर सहसा छताशी किंवा खांबावर बसवतात, कारण हायड्रोजन वर जातो. बंद खोलीत हे तर्कशुद्ध आहे. उघड्यावर, वाऱ्यात, एका सांध्यातून निघालेली बारीक गळती खांबावरच्या डबीपर्यंत पोचेल की नाही हे वाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून तुम्ही खाली वाकता आणि पट्टी प्लगच्या भोवती गुंडाळता. गोल सांधा, बोल्टांची डोकी, खाचा. कडक सेन्सर इथे बसलाच नसता. आत पहिलं सील झिजत आहे. गळती आधी अगदी लहान असते. मग ती सीलला आणखी झिजवते, मग वाढते, मग वायू बाहेर सोडायच्या छिद्राला ती झेपत नाही, आत दाब चढतो, सैल बोल्टांमुळे प्लग उचलला जातो आणि दुसरं सील क्षणात जातं. साखळीतली शेवटची कडी झटक्यात तुटली, पहिली मात्र सावकाश झिजत होती. त्या सावकाश वेळात तुमचा आकडा चढत राहिला असता, असं मी म्हणतो. पैज लावायची तर लावीनही, पण पट्टी नेमक्या त्याच प्लगवर असती तर. असे सांधे केंद्रात डझनांनी असतात. म्हणून ही पट्टी स्वस्त असावी लागते, रोलवर छापता यावी लागते. माझ्या मते ग्राफीनच्या सेन्सरचा खरा मुद्दा संवेदनशीलतेचा नाहीच. दहा लाखांत काही भाग ओळखणारी यंत्रं आधीपासून आहेत. ती सांध्यावर गुंडाळता येत नाहीत.

स्फोटाची लाट जवळच्या मोटारींवर आदळली तेव्हा त्यांच्या एअरबॅगा उघडल्या. कुणाचा जीव गेला नाही.

शेवटचा मुक्काम पुढच्या काळातला आहे, म्हणून इथे अट लागू नाही. बोला खुशाल. २०३० सालचा जुलै, चाकणच्या बाजूला एक हायड्रोजन पंप. हा पंप मी कल्पनेने उभा केला आहे, पण हवेत नाही. केंद्र सरकारच्या हरित हायड्रोजन अभियानाने वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं ते याच सालासाठी. पुण्यात इंधनघटावर चालणारी देशी बस ऑगस्ट २०२२मध्येच रस्त्यावर आली, त्यामागे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं काम होतं. पाऊस धो धो पडतोय. शेडमध्ये देखभालीचे एक जुने फोरमन तुमची पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहत आहेत.

“बोला साहेब, हिला पाऊस चालतो का?”

नाही म्हटलं तर त्रास होतो. ओलाव्याने ग्राफीनचा रोध बदलतो. वर पाणी अडवणारा आणि हायड्रोजन सोडणारा पातळ थर द्यावा लागतो, आणि त्याने प्रतिसाद मंदावतो.

“आणि ऊन?”

तापमानानेही आकडा हलतो. पट्टी वाकवल्यानेही हलतो. म्हणून शेजारी दुसरी, पॅलॅडियम नसलेली पट्टी हवी. दोघींतला फरक तेवढा वाचायचा.

“पलीकडे नाला आहे, बघितलात ना? उन्हाळ्यात कुजक्या अंड्यांचा वास येतो.”

हा प्रश्न सगळ्यांत अवघड. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि गंधक पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर चिकटून बसलं की हायड्रोजनला जागा उरत नाही. पट्टी मुकी होते, आणि मुक्या पट्टीचा आकडा अगदी स्वच्छ, स्थिर दिसतो. शिवाय हायड्रोजनचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की शुद्ध पॅलॅडियम जोरात फुगतं, चढताना एक आकडा दाखवतं आणि उतरताना दुसरा. निकेल किंवा चांदी मिसळून ते बरंच आवरता येतं. प्रयोगशाळेतले शोधनिबंध बहुधा कोरड्या, स्वच्छ हवेतले असतात. नाल्याशेजारचे थोडे.

फोरमन जरा वेळ गप्प राहतात. मग खिशातून पेन काढून पुठ्ठ्यावर सांध्याचं चित्र काढतात आणि त्याभोवती रेघा मारतात.

“दर महिन्याला बाटलीतला टेस्ट गॅस मारून बघू. आकडा हलला नाही की पट्टी फेकायची, नवी लावायची. किंमत परवडेल ना तेवढी? आणि एका सांध्यावर दोन-दोन बांधा. एक ओरडली तर मला फोन. दोन्ही ओरडल्या तर फोन नको, वाल्व सरळ बंद.”